ब्रेक थंड होईपर्यंत

१

अमडापुरात सोनं चोरीला गेलं असतं तर लोक हळहळले असते, बैल गेला असता तर चुली पेटल्या नसत्या. पण उत्तमरावांच्या जीपचे ब्रेक चोरीला गेले म्हटल्यावर नेमकं कोणतं तोंड करून जमावं हे कुणालाच सुचेना. म्हणून सगळे आपापल्या रोजच्या तोंडानंच जमले.

पत्र्याच्या शेडमध्ये जीप उभी होती. शेजारी लाकडी खोका, खोक्यात भुसा आणि भुशात काहीच नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत त्यात ब्रेकचे आठ नवे लायनर होते. लायनर म्हणजे चाकाच्या आत लोखंडी चंद्रकोरी असतात, त्यांच्या पाठीवर बसवायची जाड पट्टी. पेडल दाबलं की कोरी फाकतात, पट्टी फिरत्या ड्रमला घासते आणि गाडी थांबते. निदान थांबावी अशी अपेक्षा असते. खामगावच्या मिस्त्रीनं ते खास मुंबईहून मागवले होते, आणि चार दिवसांवर आलेल्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, आत बसवायचे होते.

शेडचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन. एक उत्तमरावांच्या करगोट्याला, दुसरी ड्रायव्हर जानरावाच्या. मालकाच्या करगोट्याकडे बोट दाखवायची रीत नाही, म्हणून गावानं जानरावाकडे दाखवलं.

गर्दीच्या मागं शालिग्राम देवी डाक्टर उभा होता. तो डाक्टर नव्हता. महाराष्ट्राचं नवं सरकार त्याला गावोगाव देवीची लस टोचायला हिंडवत होतं, एवढंच. तो दिसला की लोक पोरं लपवत आणि तो ती हुडकून काढी: कोठीतून, कडब्यातून, एकदा तर पोलीस पाटलाच्या पाठीमागून, आणि ते पोरगं पाटलाचा मिशीवाला जावई निघालं होतं. लपवलेली वस्तू शोधण्याचा एवढा अनुभव तालुक्यात दुसऱ्या कुणाला नव्हता.

पण आज तो पोरं हुडकायला आला नव्हता. जानराव हा रुख्मिणीचा थोरला भाऊ, आणि रुख्मिणीशी शालिग्रामचं लग्न ठरलेलं.

त्याचे वडील महादेवराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले, "शाल्या, पटापर्यंत दुसरा चोर सापडला तं ठीक. नाई तं चोराच्या घरची पोरगी माह्या उंबऱ्यात येनार नाई."

"बाबा, जानरावभाऊ चोर नाईत."

"मंग कोन हाय?"

"शोधतो."

"तुले काय येते शोधता? तू पोट्टे शोधतो."

"पोट्टे शोधनं जास्त कठीन, बाबा. ते हालतात."

२

पहिली गाठ घ्यायची ती ज्याचं गेलं त्याची. महादेवरावही संगं आले. त्यांना पोरावर भरवसा नव्हता आणि उत्तमरावांकडच्या चहावर होता.

उत्तमरावांची एक ख्याती होती. वयानं मोठा माणूस दारात आला की ते उठून उभे राहत, मग तो भिक्षा मागायला आलेला का असेना. महादेवराव त्यांच्याहून मोठे. ते दारात आले, खाकरले, उंबऱ्यावर जरा रेंगाळले. उत्तमराव उठले नाहीत. बैठकीच्या गादीवर एका अंगाला कलून बसून राहिले, गाडीनं वळण घ्यावं तसे.

"पोलिसात द्यायचं का मालक?" शालिग्रामनं विचारलं.

"पोलीस कायले? जाऊ द्या. ज्यानं नेले त्याले गरज असन."

"ब्रेकची?"

"कोनाले कशाची गरज असन, सांगता येते का?" उत्तमराव म्हणाले. "आन् जानरावाले कोनी काई बोलू नका. चांगला मानूस हाय."

चहा आला. उत्तमरावांची बशी त्यांच्याच बाजूला कलली आणि धोतरावर सांडली. घरात नोकरमाणसं होती, बाईमाणूस नव्हतं. त्यांची बायको मनकर्णाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. भिंतीवर देवांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो होते, बाईंचा नव्हता. त्यांनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता. खामगावचा फोटोवाला एकदा घरी बोलावला तर त्यालाच जेवायला वाढून परत पाठवला होता.

रस्त्यावर आल्यावर महादेवराव म्हणाले, "उठला नाई. पाह्यलं तू? माह्यासाठी उठला नाई! आपन चोराचे सोयरे होनार म्हून."

ते न उठणं शालिग्रामला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं, आणि कुठं ते आठवेना.

३

दुसरा संशयित भगवंतराव. गावभर त्यांचंच नाव कुजबुजत होतं, कारण मोटारींच्या पटात उत्तमरावांसमोर तेच असत.

पट तसा बैलांचा. पण जोड्या पळून झाल्या की त्याच पट्टीवर मोटारी सोडत. मोटारी दोनच: उत्तमरावांची मिलिटरीच्या लिलावातली जीप आणि भगवंतरावांची टप उडालेली काळी मोटार. त्यामुळे हरणाऱ्याचाही दुसरा नंबर पक्का असे. पट्टीच्या शेवटी नाला होता. बैल नाला पाहून थांबतात. गेल्या वर्षी जीप थांबली नाही. ती नाल्यात गेली, उत्तमराव तिच्यासोबत गेले आणि त्यांचा फेटा दोघांच्याही पुढं गेला. पंचांनी बराच विचार करून फेट्याला पहिला नंबर दिला, कारण तो मालकाचा होता.

तेव्हाच उत्तमरावांनी भर मैदानात सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी असे ब्रेक आनतो का जीप आरडून थांबन."

"मी कायले चोरू?" भगवंतराव बाजेवर पडल्या पडल्या हसले. "तुले म्हनून सांगतो देवी डाक्टर, त्याचे जुने ब्रेक चांगलेच होते."

"मंग जीप नाल्यात कशी गेली?"

"पटाच्या सकाळी बैलगाड्याच्या आसाले वंगन घालतात का नाई? मालकानं हुकूम देल्ला, जीपलेबी घाला. गड्यायनं चाकं उघडून, हात घालून, आत मस्त फासलं. लोनी लावलेल्या भाकरीवर कोन थांबते बे? मी पाह्यलं माह्या डोयानं."

"मंग तुमी बोलले काऊन नाई?"

"मी दुसरा येऊन राह्यलो होतो नं." भगवंतराव उठून बसले. "मले जिंकायचंच असतं तं मी ब्रेक चोरले नसते. वंगनाचा डब्बा भेट देल्ला असता."

माणूस लबाड होता, पण हिशेब खरा होता. आणि तो खरा असेल, तर गावात जेवढे संशयित होते तेवढे आता संपले. उरला जानराव.

४

रुख्मिणी मळ्यात सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात वाकली होती. शालिग्राम कुंपणाच्या अलीकडं उभा राहिला. लग्न ठरलेल्या माणसानं कुंपण ओलांडायचं नसतं, आणि मोडू पाहणाऱ्या लग्नाच्या माणसानं तर कुंपणाला हातही लावायचा नसतो.

त्यानं तिला आजवर एकदाच स्पर्श केला होता, तो लस टोचताना. तिच्या दंडावर आधीचा वण होता, तरी त्यानं टोचलं. पुन्हा टोचायला सरकारी नियमानं तीन वर्षं थांबावं लागतं. सरकारनं देवीचा विचार केला होता, बाकी कशाचा केला नव्हता.

"तुमीबी दादाले चोर समजता?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाई."

"मंग तोंड काऊन असं?"

"माहं तोंड असंच हाय."

"हाव. टोचलं तवाच पाह्यलं होतं." ती उभी राहिली. "मले एक सांगा. चोरानं ब्रेक नेले ते त्याले पाह्यजे होते म्हून, का जीपले भेटू नये म्हून?"

शालिग्रामनं विचार केला. भगवंतरावांच्या मोटारीला ते बसत नव्हते. आसपास दुसरी मोटार नव्हती. ब्रेक भाजून खाता येत नव्हते.

"जीपले भेटू नये म्हून," तो म्हणाला.

"तं मंग, जीपचे ब्रेक खराब राह्यल्यानं कोनाचं भलं होते, ते पाहा."

"ब्रेक खराब राह्यल्यानं कोनाचं भलं होईन?"

"मी कधी बसली का जीपमंदी? परवा खामगावचा बाजार हाय. बसून पाहा." तिनं सांभाराची जुडी बांधली, आणि आवाज उगाचच बारीक झाला. "आन् लवकर पाहा."

५

बाजारच्या दिवशी जीप भरली. मागं बाया, पोरं, कोंबड्या. पुढं जानराव आणि त्याच्या शेजारी मालक. उत्तमराव बैठकीतली गादी काखेत मारून आले, सीटवर टाकली आणि तिच्यावर बसले.

"कंबर," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

पठार संपलं आणि घाट लागला. जीप उतारावर लागली तशी जानरावची मान आखडली. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला उशिरा लागला. तिसऱ्याच्या आधी जळक्या चिंधीचा वास आला, बायांनी सवयीनं पदर नाकाला लावले आणि एका म्हातारीनं सवयीनं देवाचं नाव घेतलं. जानराव पेडल दाबतो आहे आणि ते पोकळ भोपळ्यासारखं खाली जातं आहे, हे शालिग्रामनं मागून पाहिलं. चौथ्या वळणावर जानरावनं गाडी डोंगराच्या अंगाला घासत आणली, क्लीनरबिनर नव्हताच, तर शालिग्रामनंच उडी मारून चाकाखाली धोंडा सारला. चारही चाकांतून धूर येत होता.

"उतरा," जानराव घाम पुसत म्हणाला. "थंड होऊ द्या."

वळणावर गोजरबाईचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार लाकडी बल्ल्या, एक पत्रा आणि गोजरबाई. ती विधवा बाई जीपकडे पाहून कडाडली, "आले का जवाईबापू? गाडी हाय का चूल? जवा पाहावं तवा धूर!"

शालिग्राम चमकला. ज्या माणसासमोर अमडापूर आवाज खाली करतं, त्याला ही बाई पोट्ट्यासारखी झापत होती. आणि मालक हसत होते. दोन वर्षांत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"ती मनकर्णाबाईच्या माहेरची," शेजारची म्हातारी म्हणाली. "गावचा जवाई म्हनल्यावर मेव्हनीचा हक्क असते तिले."

उत्तमरावांनी धोंड्यावर गादी टाकली आणि तिच्यावर बसले. गोजरबाई चुलीशी बसून काहीतरी सांगत होती, वाऱ्यानं तुकडेच येत होते: "...चिंचेवर चढली, आन् मंग उतरता येईना... आमी खाली, ते वर..." मालकांच्या हातातला चहा तसाच निवत होता.

काही वेळानं जानराव ड्रमला हात लावून म्हणाला, "चला, झाले थंड."

उत्तमराव उठले, जीपपाशी आले आणि ड्रमवर पंजा ठेवला. "गरम हाय अजून. थांब जराक." ते परत जाऊन बसले.

शालिग्रामनं गुपचूप हात लावून पाहिला. ड्रम माठासारखा गार होता.

६

खामगावात बाया बाजारात पांगल्या. उत्तमराव जीपमध्येच बसून राहिले, समोरच्या कापसाच्या गाड्यांकडे पाहत.

"मालक उतरत नाईत?" शालिग्रामनं विचारलं.

"कधीच नाई," जानराव म्हणाला. "दर बाजारी येतात, इथं बसतात, आन् परत जातात."

मिस्त्रीचं नाव कारभारी. तो एका ट्रकखाली होता आणि सगळी मुलाखत त्याच्या पायांनी दिली.

"लायनर दोन जातीचे," पाय म्हणाले. "एक मऊ, नवारीसारखा इनलेला. थंडा असला का चटकन धरते, तापला का सोडून देते. दुसरा कडक, दाबलेला, दगडावानी. थंडा असला का ऐकत नाई, तापला का सोडत नाई. माह्या सासऱ्यासारखा."

"आन् पटाले कोनता लागते?"

"मऊ! पट म्हंजे काय, एकदा पळनं, एकदा थांबनं. तापते कुठं ते? मी जानरावले म्हनलं, जुनाच मऊवाला ठेव, वंगन तेवढं पूस. ऐकलं नाई. म्हने कडकच पाह्यजे."

जानरावनं मालकासाठी मुद्दाम चुकीचे ब्रेक मागवले? शालिग्राम तडक गॅरेजच्या दाराशी थांबलेल्या जानरावसमोर जाऊन उभा राहिला. "भाऊ, खरं सांगा. कडकवाला पटात चालत नाई हे तुमाले म्हाईत होतं?"

जानरावनं इकडंतिकडं पाहिलं. "हाव. ते पटासाठी नव्हतेच. घाटासाठी होते. तू पाह्यलं नं आज? मागं बाया-लेकरं, आन् पेडल खाली जाते. मले सपनात वळनं दिसतात बे. पन मालक घाटासाठी कायले खर्च करतीन? पटासाठी करतात. म्हून मी म्हनलो पटासाठी."

"म्हंजे हे लायनर बसले असते तं घाटात थांबा लागलं नसतं?"

"सरळ खामगाव."

"हे मालकाले म्हाईत होतं?"

उत्तर ट्रकखालून आलं. "मीच सांगतलं की. खोका जीपमंदी नेऊन ठेवला तवा. म्हनलं, मालक, आता त्या वळनावर थांबायची झंझट गेली."

"मंग काय म्हनले?"

एका पायानं दुसरा खाजवला. "काई नाई. पानी मांगतलं. पेले, आन् अजून मांगतलं."

७

शालिग्रामनं जीप सोडली आणि तो एसटीनं घाट चढून वळणावर उतरला. खराब ब्रेकनं भलं कुणाचं होतं, याचं एक सोपं उत्तर तिथं चूल फुंकत बसलं होतं.

"मी चोरले?" गोजरबाईनं फुंकणी उगारली. "मायबापा, चढनाऱ्या येस्ट्या पानी भराले इथंच थांबतात. दिवसभर चहा उतू जाते माहा. तुमच्या जीपवर का मी जगते? सात जन उतरतात, तिघं चहा घेतात, आन् जवाईबापू तं घेऊन पेतच नाईत."

"मंग करतात काय इतका वेळ?"

ती जरा नरमली. "मनीच्या गोष्टी ऐकतात. मनकर्णी आन् मी एका गल्लीतल्या. लग्नाआधीची मनी त्यायले कुठं म्हाईत? सासरी आली ते डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून. तीस वर्षं नांदली, मोठ्यानं हसली नाई. मी सांगतलं का मनी झाडावर चढे, शिट्टी मारे, मास्तरची नक्कल करे, तं जवाईबापू असे पाहतात का जशी दुसऱ्याच्या बायकोची गोष्ट हाय. एका खेपेले एक गोष्ट. मोठ्या मुश्किलीनं पुरवून राह्यली मी. आठवनी काय वावरात उगतात?"

"मंग ते सरळ येऊन काऊन बसत नाईत? जीप त्यायचीच हाय."

गोजरबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला आपण सरकारी नोकर असल्याची लाज वाटली.

"एवढा मोठा मालक, बिनकामाचा येऊन रांडमुंड बाईच्या दारी बसन? दोन दिवसात गाव काय म्हनन? त्यायले म्हनन ते म्हनन, मले काय म्हनन? गाडी नादुरुस्त झाली तं गोष्ट येगळी. गाडीले कोनी नाव ठेवत नाई."

आणि तेव्हा शालिग्रामला ते न उठणं कुठं पाहिलं होतं ते आठवलं. लस टोचायला गेलं की आया पोराला कोठीत घालतात, झाकण लावतात, आणि मग स्वतः त्या झाकणावर बसतात. कुणीही येवो, त्या उठत नाहीत.

८

संध्याकाळी तो एकटाच बैठकीत गेला. उत्तमराव गादीवर होते.

"मालक, चोर सापडला."

"असं?"

"त्याले पटाशी घेनंदेनं नव्हतं. कडक लायनर पटात कामाचा नाई. पट हरवायचा असता तं चोरानं ते खुशाल बसू देल्ले असते. ते कामाचे फक्त घाटात. म्हंजे जीपनं घाटात थांबावं असं ज्याले वाटते, तो चोर. गोजरबाईले वाटाचं कारन नाई. बायालेकरायले तं मुळीच नाई. कुलूप तुटलं नाई, किल्ल्या दोन. त्यातल्या जानरावभाऊले थांबायचं नव्हतं. त्यायनंच तं लायनर मागवले." शालिग्राम थांबला. "आन् थंड्या ड्रमले एकच मानूस गरम म्हनला."

उत्तमरावांनी गादीची कड हातानं झाकली.

"गादीची शिवन कोनी घातली मालक? सुतळीनं, दाभनानं? पोतं शिवल्यावानी दिसते. बाईच्या हातची नाई."

उत्तमरावांनी खाली पाहिलं. मग हळूच उठले. चोरी झाल्यापासून दारात आलेल्या माणसासमोर पहिल्यांदा उठले. गादीत आठ उंचवटे होते. जीपचे ब्रेक बाजारच्या दिवशी जीपमध्येच होते. फक्त चाकांत नव्हते, मालकाखाली होते.

"मिस्त्री म्हनला, आता थांबायची झंझट गेली," उत्तमराव भिंतीकडं बघत म्हणाले. "शालिग्राम, तीस वर्षं ते बाई ह्या घरात होती. मी कधी इचारलं नाई, तू लहानपनी काय करे? वाटलं, हाय की इथंच. इचारू कधीतरी. आता इचाराले गेलो तं एकच दार हाय, आन् तेबी घाटात."

"त्या जीपमंदी बायालेकरं असतात, मालक."

"म्हाईत हाय. म्हून तं झोप येत नाई."

"आन् जानरावभाऊ चोर ठरला तं माहं लग्न मोडन. बाबा म्हनले तसं."

उत्तमरावांनी वळून पाहिलं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मालकाला वाईट बातमी द्यायची गावाची पद्धत नव्हती.

"पोरगी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"तोंडाची तिखट हाय."

"लहानपनी कशी होती?"

शालिग्रामला ठाऊक नव्हतं.

"इचारून घेजो," उत्तमराव म्हणाले.

९

पटाच्या दिवशी बैलजोड्या पळून झाल्या आणि पंचांनी मोटारी बोलावल्या. उत्तमराव गादी काखेत घेऊन मैदानात आले. महादेवराव खुर्चीवर रुसून बसले होते, त्यांच्यासमोर ते उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लायनर मीच ठेवले होते. गादीत. आन् इसरून गेलो. जानरावाचा काई कसूर नाई."

कुणीतरी फसकन हसलं, आणि पाठोपाठ सगळं अमडापूर हसलं.

"आता इंजिन हाय का पाहा जागेवर," भगवंतराव ओरडले, "का तेबी उशीत घातलं?"

म्हातारपणी मालकाचं डोकं फिरलं, असं त्या संध्याकाळपर्यंत शेजारच्या चिखलीत पोचलं. उत्तमरावांनी ते खोडून काढलं नाही. मोटारींचा पट काही झाला नाही, पण भगवंतराव एकटेच पळाले आणि सवयीनं दुसरे आले. महादेवराव घरी जाताना फक्त एवढंच म्हणाले, "हळदीचं सामान आनून ठेव शाल्या. आन् मालकाले पह्यली पत्रिका."

कारभारी मिस्त्रीनं लायनर बसवले. त्यानंतर उत्तमराव खामगावला गेले नाहीत. जीप आता विनाथांबा जाते, असं लोक कौतुकानं सांगत, आणि ते मान हलवत.

लग्नानंतरच्या पहिल्या बाजाराला शालिग्राम आणि रुख्मिणी नव्या कपड्यांत जीपमध्ये मागं बसले. "मालक, तुमीबी चला," रुख्मिणी दारात जाऊन म्हणाली. नव्या नवरीला नाही म्हणायचं नसतं, म्हणून उत्तमराव पुढं बसले. गादी घेतली नाही.

घाट लागला. पहिल्या वळणाला जानरावनं दाबलेलं पेडल जागच्या जागी राहिलं. दुसऱ्याला राहिलं. वास नाही, धूर नाही. म्हातारीला देवाचं नाव घ्यायला कारण उरलं नाही, तेव्हा ती विडा चघळू लागली. तापता तापता ब्रेक आणखी घट्ट होत होते. उत्तमराव समोर पाहत होते. चौथं वळण जवळ आलं तसे जास्तच समोर.

वळणावर रस्त्याच्या मधोमध गोजरबाई उभी होती. हातात रिकामी थैली.

जीप तिच्यापासून हातभर अंतरावर, सांगितल्यासारखी थांबली.

"गूळ सरला," ती म्हणाली. "खामगावले येते." मागं रुख्मिणीनं आधीच सरकून जागा करून ठेवली होती. गोजरबाई चढली, तिच्या शेजारी ऐसपैस बसली, आणि मोटारीच्या घरघरीवर आवाज चढवून तिला म्हणाली, "पोरी, तू नवी हाय, तुले म्हाईत नसन. आमच्या गावात एक मनी नावाची पोरगी होती. एकदा तिनं का नाई मास्तरची टोपी..."

पुढं उत्तमरावांनी मान वळवली नाही. नव्या सुनेला जुनी बाई गोष्ट सांगते आहे, त्यात मालकानं लक्ष घालायचं काही कारण नव्हतं. पण त्यांचे खांदे मागं आले आणि पाठ जरा जास्तच सीटला टेकली.

जानरावनं गिअर टाकला. उतार मोकळा होता, ब्रेक भरवशाचे होते, आणि खामगाव खाली उन्हात दिसत होतं.

"जानराव," उत्तमराव अगदी हळू आवाजात म्हणाले.

"जी, मालक?"

"घाई काय हाय बे? हळू ने."